सीटी अँजिओला निघण्याआधी

मुरबाड तालुक्यातल्या धसईत किंवा आसपासच्या पाड्यांवर कुणाच्या छातीत दुखू लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "गॅस धरला असेल, ओवा खाऊन पड." दुसरा, "कल्याणला जाऊन अँजिओ करून ये." पहिला सल्ला जिवावर बेतू शकतो. दुसरा अर्धवट आहे. अँजिओ दोन प्रकारची असते आणि त्यातली कुठली, कुणी, कधी करायची हे सांगणारं गावात सहसा कुणी नसतं. हा लेख सीटी अँजिओबद्दल आहे, म्हणजे सीटी स्कॅनच्या यंत्रावर होणाऱ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीबद्दल. मुरबाड-शहापूरच्या माणसाला ही तपासणी खरोखर उपयोगाची आहे. पण तिच्यासाठी अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबतीला घरातलं एक माणूस लागतं. म्हणून ती एकदाच व्हावी, नीट व्हावी आणि तिच्यातून मिळालेलं उत्तर कपाटात पडून राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी, ज्याने सीटीचा विचारही करायचा नाही त्याच्याबद्दल. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखतंय, पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबत नाही, दरदरून घाम सुटलाय, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, तर हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत फारसं दुखतच नाही. नुसती धाप लागते, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं किंवा अंगातलं बळ एकाएकी गळून जातं. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि जिथे लवकरात लवकर ईसीजी निघेल तिथे पोचायचं. धसईचं प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, टोकावड्याचं किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय असेल, शहापूरकरांसाठी तिथलं उपजिल्हा रुग्णालय असेल. रुग्ण पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा, असा वैद्यकाचा दंडक आहे. ईसीजीत मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याचं दिसलं आणि १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये फुगा घालून ती उघडणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग रुग्णाला पुढे हलवायचं, हीच जगभरची रीत आहे. पावसाळ्याच्या रात्री धसईहून ठाण्याची वाट धरली तर १२० मिनिटं रस्त्यातच सरतात. राज्य सरकारचा 'स्टेमी महाराष्ट्र' प्रकल्प याच अडचणीवर उभा आहे. त्यात लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूर बसलेले तज्ज्ञ काही मिनिटांत वाचून कळवतात. तुमच्या जवळच्या रुग्णालयात ही सोय आहे का, ईसीजीचं यंत्र चालू आहे का, रात्री कोण हजर असतं, ते इंजेक्शन तिथे ठेवलेलं असतं का, हे आज, सगळं ठीक असताना जाऊन विचारून ठेवा. झटक्याच्या माणसाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. त्याहून जास्त घरगुती उपाय करत वेळ घालवू नका.

सीटी अँजिओ वेगळ्या माणसासाठी आहे. तो हिंडता-फिरता असतो. आवणीच्या दिवसांत चिखलातून राबताना, भाऱ्याचं ओझं घेऊन बांध चढताना, जेवल्यावर लगबगीने एसटी गाठताना त्याच्या छातीत भरून येतं. दोन-पाच मिनिटं थांबलं की मोकळं वाटतं. पुन्हा तेवढेच श्रम केले की पुन्हा तेच. डॉक्टर या माणसाला तीन गोष्टी विचारतात: दुखणं छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखं आहे का, श्रमाने किंवा ताणाने येतं का, आणि थांबल्यावर किंवा जिभेखाली गोळी ठेवल्यावर काही मिनिटांत जातं का. तिन्हीला 'हो' असेल तर रक्तवाहिनीच्या आजाराची शक्यता बरीच. दोनांना असेल तर मध्यम. बोट ठेवून दाखवता येतं, दाबलं की दुखतं, कूस बदलल्यावर टोचतं, असं असेल तर शक्यता कमी. या मधल्या गटात, जिथे नुसत्या बोलण्यातून 'आहे' की 'नाही' ते ठरत नाही, तिथे सीटीचा खरा उपयोग होतो.

ईसीजीबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. "पट्टी काढली, नॉर्मल आली" म्हणजे हृदय ठणठणीत, असं नव्हे. श्रमाने दुखणाऱ्या कितीतरी माणसांचा बसल्या जागी काढलेला ईसीजी अगदी नीट येतो, कारण त्या घडीला हृदयाला रक्त पुरत असतं. टूडी एकोचंही तसंच. त्यात हृदयाची आकुंचनशक्ती आणि झडपा दिसतात, रक्तवाहिन्यांतले अडथळे दिसत नाहीत. पट्ट्यावर चालवून केलेली टीएमटी थोडं अधिक सांगते. पण अडथळा बराच मोठा असेल तरच ती बोलते, आणि बायकांमध्ये ती नसलेला आजार दाखवण्याची शक्यता जास्त. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर पुरेसं चालताच येत नाही.

मग सीटीत नेमकं काय दिसतं? तारेच्या अँजिओत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंग सोडतात. तेव्हा रक्तवाहिनीची आतली पोकळी दिसते, कुठे चिंचोळी झाली ते कळतं. पण आजार पोकळीत सुरू होत नाही. तो भिंतीत सुरू होतो. चरबी भिंतीत साचत जाते आणि बरीच वर्षं रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट मोकळी ठेवते. अशी भिंत तारेच्या अँजिओत जवळजवळ नॉर्मल दिसू शकते. सीटीत हाताच्या शिरेतून रंग देऊन काढलेल्या चित्रात पोकळीही दिसते आणि भिंतही, म्हणजे चुना (कॅल्शियम) साचलेला कठीण थर आणि मऊ चरबीचा थर, दोन्ही. हे महत्त्वाचं का, तर बरेचसे झटके फार मोठ्या ब्लॉकेजमुळे येत नाहीत. मध्यम आकाराचा मऊ थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद होते. असा थर फुटण्याआधी, रुग्णालयात दाखल न होता, बघायची सोय सीटीने केली. गॉडफ्रे हाउन्सफिल्डने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी काढलं ते मेंदूचं होतं. मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही थांबत नाही. त्यामुळे हृदयाच्या नाजूक वाहिन्या धड दिसायला २००४ च्या सुमाराची ६४ स्लाइसची यंत्रं यावी लागली.

स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. छातीत दुखतं म्हणून बाह्यरुग्ण विभागात आलेले ४,१४६ लोक त्यात होते. निम्म्यांची नेहमीची तपासणी झाली, निम्म्यांची तीच तपासणी आणि जोडीला सीटी अँजिओ. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले. हृदयरोगाने मृत्यू किंवा झटका यांचं प्रमाण नुसत्या नेहमीच्या तपासणीच्या गटात ३.९ टक्के होतं आणि सीटीच्या गटात २.३ टक्के. पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत तारेच्या अँजिओ, स्टेंट आणि बायपास यांची संख्या जवळपास सारखीच होती. मग फरक पडला कुठून? सीटीच्या गटात आजार कुणाला आहे आणि कुणाला नाही हे नेमकं कळलं. ज्यांच्या भिंतीत चरबी दिसली त्यांना चरबी उतरवणारी स्टॅटिन आणि ॲस्पिरिन या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या चालू राहिल्या. दहा वर्षांनंतरही फरक टिकून होता, ८.२ टक्क्यांच्या जागी ६.६ टक्के. अमेरिकेतल्या दहा हजार लोकांच्या प्रॉमिस अभ्यासात मात्र पट्ट्यावरच्या आणि तत्सम तपासण्यांच्या तुलनेत सीटीने दोन वर्षांत झटके किंवा मृत्यू कमी केले नव्हते, हेही सांगायला हवं. या दोन्ही अभ्यासांतून मला एकच गोष्ट दिसते. सीटी स्वतः कुणाला बरं करत नाही. ते पाहून रोज घेतली जाणारी गोळी बरं करते. चित्र काढून आणलं आणि गोळ्या महिन्याभरात सुटल्या, तर कल्याणची फेरी फुकट गेली.

आपल्याकडे याची निकड अधिक आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी पहिले लेखक असलेला एक शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे मुलांची लग्नं व्हायची असतात, कर्ज फिटायचं असतं, त्या वयात. तंबाखू, वाढलेली साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही त्यातली मोठी कारणं. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, पण मिश्री हीसुद्धा तंबाखूच. डॉक्टरांनी व्यसन विचारलं की तीही सांगा.

आता सीटी कुणी करू नये ते. काहीच त्रास नाही, दोन मजले सहज चढता येतात, आणि कुणीतरी 'फुल बॉडी चेकअप'मध्ये स्वस्तात देतंय म्हणून रंग देऊन सीटी अँजिओ करायची गरज नाही. ज्याला अनेक वर्षं मधुमेह आहे किंवा घरात लवकर झटके आलेले आहेत पण स्वतःला त्रास नाही, त्याच्यासाठी डॉक्टर कधी रंग न देता नुसता कॅल्शियम स्कोअर सुचवतात. १९९० मध्ये आर्थर ॲगॅटस्टन यांनी ही मोजणी रूढ केली. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, १०० च्या पुढे गेला तर स्टॅटिन सुरू करायला पक्कं कारण, ४०० च्या पुढे म्हणजे आजार बराच पसरलेला. पण ज्याला छातीत दुखतंय त्याने, विशेषतः पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाने, शून्य स्कोअरवर निर्धास्त होऊ नये. मऊ चरबीत चुना नसतो आणि ती या मोजणीत येत नाही.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी, नाडी सतत अनियमित असणाऱ्यांनी, आधी बारीक व्यासाचे स्टेंट बसवलेल्यांनी आणि भिंतीत चुना फार साचलेल्या वयस्कर माणसांनी सीटीआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. चुना सीटीत इतका चकाकतो की आहे त्याहून मोठा भासतो आणि ५० टक्क्यांचा अडथळा ८० टक्क्यांसारखा दिसू शकतो. बायपास झालेल्यांच्या जोडलेल्या वाहिन्या मात्र सीटीत चांगल्या दिसतात. आणि ज्याचा त्रास ठसठशीत आहे, टीएमटीत मोठा दोष निघालाय, गोळ्या घेऊनही चार पावलांवर छाती भरते, त्याने मधली पायरी गाळून थेट तारेच्या अँजिओकडे जाणं बहुधा योग्य ठरतं, कारण अडथळा सापडला तर तिथेच स्टेंट टाकता येतो.

ठरलं, की तयारी घरूनच सुरू होते. सेंटरला फोन करून यंत्र किमान ६४ स्लाइसचं आहे का, हृदयाचं सीटी रोज होतं की एखाद्या ठरावीक दिवशी, आणि अहवाल कोण वाचतं, हे विचारा. दरही दोन-तीन ठिकाणी विचारा, कारण त्यात बराच फरक पडतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मुरबाडमध्येच तपासून घ्या. तो कागद नसला की ऐन वेळी लॅबच्या रांगेत दोन तास जातात आणि कधी दिवसच हुकतो. आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी बंद. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड, कारण पहाटेची एसटी पकडताना हाताला पहिला चहाच लागतो. पण त्याने नाडी वाढते आणि चित्र पुसट येतं. साधारण चार तास आधीपासून खाणं बंद, पाणी मात्र चालतं, उलट चांगलंच. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या नसतील तर घोटभर पाण्याबरोबर घ्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचं काय करायचं ते आधीच विचारा. मेटफॉर्मिन थांबवायची की नाही हे क्रिएटिनिनवर ठरतं. दम्याचा त्रास, थायरॉईडचा आजार, आधी कुठल्या रंगाची किंवा औषधाची रिॲक्शन आली असेल, पोटात मूल असण्याची शक्यता असेल, तर लाज न बाळगता सांगा. पुरुषांनी लैंगिक ताकदीची गोळी दोन दिवसांत घेतली असेल तर तीही सांगायलाच हवी. तपासणीत जिभेखाली नायट्रेट देतात, आणि या दोन औषधांची गाठ पडली की रक्तदाब धोकादायक खाली येतो.

डिसेंबर २०१६ मध्ये धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजलं आणि दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं आली. दवाखान्याच्या कामी बँकेचं कार्ड पुरत नाही. आधार, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, जुने ईसीजी, एको, रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटं, सगळं एका पिशवीत घ्या. गोळ्यांची नावं आठवण्यापेक्षा पाकिटं दाखवणं सोपं.

खोलीत काय होतं ते माहीत असलं की भीती अर्धी कमी होते. आधी नाडी मोजतात. ती ६० ते ६५ च्या आत हवी असते. जास्त असेल तर नाडी सावकाश करणारी गोळी देऊन तासभर बसवतात. हृदय दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर विसावतं, त्या क्षणाचं चित्र यंत्र टिपतं. फिरत्या पंख्याची पाती वेग कमी झाल्यावर ओळखू येतात, तसंच हे. म्हणून या तासाला "उगाच बसवून ठेवलंय" समजून कटकट करू नका. चित्र चांगलं येणं त्याच तासावर अवलंबून असतं. कोपराच्या आतल्या बाजूला जरा जाड सुई लावतात, कारण रंग वेगाने आत जायला हवा. छातीवर ईसीजीच्या तारा चिकटवतात. जिभेखाली फवारा किंवा गोळी देतात, त्याने थोडं डोकं दुखू शकतं. मग दोन-तीनदा श्वास रोखायचा सराव करून घेतात. हा सराव मनावर घ्या. छाती फाटेस्तोवर श्वास भरायचा नाही, बेताचा घ्यायचा आणि सांगितल्यावर पुतळ्यासारखं राहायचं. रंग आत जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं. तशी ती झालेली नसते आणि अर्ध्या मिनिटात सगळं ओसरतं. खरं चित्रण पाच-दहा सेकंदांचं. बाहेर आल्यावर अर्धा तास थांबवतात. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, घसा आवळला, तर लगेच सांगायचं. नंतर दिवसभर पाणी भरपूर प्यायचं. नाडी सावकाश करणाऱ्या गोळीने आणि फवाऱ्याने उठताना गरगरू शकतं, म्हणून स्वतः गाडी चालवत परतू नका.

किरणांची चौकशी लोक हमखास करतात आणि ती रास्त आहे. आधुनिक यंत्रावर या तपासणीत साधारण २ ते ५ मिलिसीव्हर्ट किरण लागतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतात. ज्याला खरा त्रास आहे त्याने यासाठी तपासणी टाळू नये. पण दर वर्षी हौसेने करून घ्यायचीही ही गोष्ट नाही.

अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर एका आकड्यावर जाते आणि घरात रडारड सुरू होते. तो असा वाचा. हृदयाच्या मुख्य वाहिन्यांची नावं त्यात इंग्रजी आद्याक्षरांनी येतात. एलएम म्हणजे डावीकडची मूळ वाहिनी, तिला फुटणारे दोन फाटे एलएडी आणि एलसीएक्स, आणि उजवीकडची आरसीए. प्रॉक्सिमल म्हणजे उगमाजवळचा भाग, मिड मधला, डिस्टल शेंड्याकडचा. तोच अडथळा उगमाजवळ असेल तर जास्त गंभीर, शेंड्याकडे असेल तर कमी. अहवालाच्या शेवटी बऱ्याचदा 'कॅड-रॅड्स' असा आकडा असतो. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे २५ टक्क्यांच्या आतला अडथळा, २ म्हणजे ५० च्या आतला, ३ म्हणजे ५० ते ६९ टक्के. ४ म्हणजे ७० टक्के किंवा जास्त, आणि त्यातला '४ बी' म्हणजे एलएममध्ये निम्म्याहून जास्त किंवा तिन्ही वाहिन्यांत मोठा अडथळा. ५ म्हणजे वाहिनी पूर्ण बंद. 'मायोकार्डियल ब्रिज' असा शब्द दिसला तर घाबरू नका. वाहिनीचा एक तुकडा हृदयाच्या स्नायूतून गेलेला असतो, तो जन्मजात असतो आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. फुफ्फुसात बारीक गाठ दिसल्याचा उल्लेख असेल तर तो छातीच्या डॉक्टरांना दाखवा, विशेषतः बिडी ओढणाऱ्यांनी.

१ किंवा २ आलेला माणूस मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तोच सर्वात जास्त हातातून निसटतो. त्याला सांगितलं जातं, "मोठं ब्लॉकेज नाही, काळजी नको," आणि तो हसत घरी येतो. वास्तविक त्याच्या भिंतीत आजार सुरू झालेला असतो, आणि स्कॉट-हार्टमध्ये सीटीने मदत केली ती अशाही लोकांना. त्याने डॉक्टरांना सरळ विचारावं: मला स्टॅटिन लागेल का, किती ताकदीची, एलडीएल (वाईट चरबी) किती खाली आणायचं? सर्वसाधारणपणे एलडीएल ७० च्या खाली, आजार मोठा असेल तर ५५ च्या खाली आणतात. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यायचं. आकडा खाली आला म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच खाली आलेला असतो.

३ आलेल्याला पुढची तपासणी लागू शकते. अडथळा दिसतो, पण त्याने रक्त खरोखर कमी पडतं का, हे बघायचं असतं. स्ट्रेस एको किंवा थॅलियम स्कॅनने ते कळतं. आता सीटीच्याच चित्रावरून संगणकाने रक्तदाबातला फरक काढायची पद्धत आली आहे, पण ती अजून मोजक्याच ठिकाणी मिळते. तारेच्या अँजिओत दाब मोजणारी तार घालूनही हे मोजतात. अडथळ्यापलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पटीवर किंवा त्याखाली आला तर अडथळा अर्थपूर्ण धरतात.

४ किंवा ५ आला तरी त्याच दिवशी पैसे जमवायला शेत गहाण ठेवायची घाई नको. एलएममध्ये अडथळा असेल, हृदयाची ताकद कमी झाली असेल किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर लवकर पुढे जायलाच हवं. पण त्रास स्थिर असेल तर विचाराला वेळ असतो. इस्केमिया नावाच्या अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ लोक होते. स्थिर आजारात आधी स्टेंट-बायपास आणि आधी औषधं यांची तुलना झाली. झटके आणि मृत्यू यांत मोठा फरक निघाला नाही. दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं. म्हणजे गोळ्या पूर्ण ताकदीने घेऊनही श्रम करताना छाती भरत असेल तर स्टेंट हा चांगला उपाय आहे, आणि 'स्टेंट टाकला नाही तर उद्या मरशील' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून दुसरं मत घ्यायचं. तिन्ही वाहिन्यांत आजार असेल आणि त्यात मधुमेह असेल तर बायपासचा पर्याय गांभीर्याने विचारा. सर्जनला सीटीचं चित्र जोडायच्या जागा ठरवायला उपयोगी पडतं. पूर्ण बंद वाहिनी उघडताना तार कुठून घालायची हे ठरवायलाही ते कामी येतं. म्हणून अहवालाबरोबर चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि जपा. नुसत्या कागदावर दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा तीच तपासणी सांगावी लागते.

पैशाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, आणि अँजिओप्लास्टी व बायपास तिच्यात बसतात. बाहेरच्या सेंटरवर केलेल्या सीटीचं बिल त्यातून निघेल असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा, आणि दाखल होण्यापूर्वी विचारा. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हापासून लाखाच्या घरातले स्टेंट तीस हजारांच्या आसपास आले. तरीही बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. मुंबईतल्या के.ई.एम., जे.जे., नायर, शीव या रुग्णालयांत खर्च बराच कमी होतो. तारीख उशिराची मिळते, पण स्थिर त्रासाच्या माणसाला गोळ्या चालू ठेवून वाट बघता येते. वाट बघताना दुखणं कमी श्रमात येऊ लागलं, रात्री झोपेतून उठवू लागलं, जास्त वेळ टिकू लागलं, तर तारखेची वाट बघायची नाही. ते झटक्याचं पूर्वलक्षण समजून सरळ १०८.

ज्याच्या वाहिन्यांत आजार निघाला त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि वयात आलेल्या मुलांनी लगेच सीटी करायची गरज नसते. त्यांनी रक्तदाब, साखर आणि चरबी एकदा तपासून घ्यावी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि त्यासाठी कल्याणला जावं लागत नाही.